मार्क पंफुल्यातून परत का गेला?

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जाऊया, तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर. आज तिथे अंताल्या शहर आहे, सगळे रिसॉर्ट नि टुरिस्ट, पण या पट्टीचं जुनं नाव पंफुल्या. समोर भूमध्य समुद्र, पाठीमागे तॉरस डोंगराची भिंत आणि मधे सखल, दमट जमीन.

इ.स. ४६-४८ च्या सुमाराला सायप्रसच्या पफेहून तारवात बसून तिघं जण इथे आले, ख्रिस्ती धर्माचा प्रचार करत फिरणारे पौल नि बर्णबा, आणि त्यांच्या मदतीला योहान मार्क. मार्क बर्णबाच्या नात्यातला, यरुशलेमात आईचं ऐसपैस घर, दार उघडायला मोलकरीण, म्हणजे तसा खात्यापित्या घरचा पोरगा. पिर्गा गावापर्यंत आले आणि तिथून हा पठ्ठ्या सरळ घरी निघून गेला. का? बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एका ओळीत विषय संपवलाय, कारण काही दिलेलं नाही. विल्यम रॅमसे या स्कॉटिश अभ्यासकाचा अंदाज असा की पौलाला इथे मलेरिया झाला असावा आणि म्हणून ते थंड हवेच्या पठाराकडे वळले. मला विचाराल तर पोरगा समोरचे डोंगर बघूनच टरकला असणार, पुढचा मुक्काम पिसिदियातलं अंत्युखिया (सीरियातलं वेगळं), हजार मीटरच्या वर, वाट चोर-लुटारूंची, नि सगळं पायी!

पिर्गा आज अवशेषात आहे, अंताल्यापासून १५-२० किलोमीटरवर. रस्त्याच्या मधोमध पाण्याचा दगडी पाट, बाजूला खांबांच्या रांगा, पण हे बरंचसं पौलाच्या नंतरचं बरं का. वेशीचे दोन गोल बुरूज मात्र आधीचे, म्हणजे मार्कनेही पाहिले असणार, जाताना.

परतीच्या वाटेवर पौल-बर्णबांनी पिर्ग्यात उपदेश केला, मग खाली अत्तलिया बंदरात उतरले, तेच आजचं अंताल्या, आणि तिथून जहाजाने सीरियातल्या अंत्युखियाला.

पण पंफुल्या काही सुटलं नाही. पुढच्या प्रवासाची तयारी चालली तेव्हा बर्णबा म्हणाला मार्कला घेऊ, पौल म्हणाला अजिबात नाही, पंफुल्यात सोडून गेला होता तो! इतकं जुंपलं की दोघं वेगळेच झाले, बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला, पौल सीला नावाच्या सोबत्याला घेऊन दुसरीकडे.

आणि मग बऱ्याच वर्षांनी पौलाच्या नावाचं एक पत्र आहे, तुरुंगातून तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेलं, त्यात तो सांगतो, येताना मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे.