मदत आणि भाव

मित्रहो, गरिबी आणि विषमता दूर करण्यासाठी राष्ट्रांनी चालवलेले प्रयत्न हा आजचा विषय. तो जिनिव्हा किंवा न्यूयॉर्क येथील बैठकांचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे; नागपूरकरांनी मात्र तसे समजण्याचे कारण नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेनाशी झाली आणि वऱ्हाडाच्या कापसाला अचानक तेजी आली. युद्ध संपले आणि ती तेजीही ओसरली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. आपल्या शेतकऱ्याची चूल जगाच्या बाजाराशी दीडशे वर्षांपूर्वीच बांधली गेली. म्हणूनच आंतरराष्ट्रीय विकासाचा विचार देणगीपासून सुरू न करता भावापासून आणि करापासून सुरू करावा, असे मला वाटते.

देणगीचा इतिहास लवकर सांगून होतो. संपन्न देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम विकासासाठी द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 1970 मध्ये केला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्या देशांनी तो मनावर घेतला. ब्रिटनने 2015 मध्ये त्यासाठी कायदाही केला. पण 2021 मध्ये हे प्रमाण 0.5 वर आणले आणि 2025 मध्ये, संरक्षणावरील खर्च वाढवायचा म्हणून, ते 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. परदेशांना विकासासाठी मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही सरकारी संस्था तर 2025 मध्ये गुंडाळण्यातच आली. देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी व्यवस्था मर्जी फिरली की थांबते, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. तरीही मदत म्हणजे निव्वळ धूळफेक, हे मत मला मान्य नाही. 1980 मध्ये जग देवीमुक्त झाले, 2014 मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या कामांत परदेशी पैसा आणि तज्ज्ञता होती, आणि घरोघर फिरणारे आपले आरोग्यसेवकही होते. लस टोचणे हे ठरावीक काम आहे, त्याचा शेवट दिसतो. कापसाचा भाव ही तशी बाब नाही.

कापसाविषयी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे. 2003 मध्ये कॅनकुन येथे जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली, तेव्हा बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चार देशांनी एक साधी तक्रार मांडली: अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देते, त्यामुळे तेथे गरजेपेक्षा अधिक पीक निघते, ते जगाच्या बाजारात ओतले जाते आणि आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. याच देशांना अमेरिका विकासासाठी मदतही देत होती. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याहून अधिक काढून घ्यायचे, असा हा व्यवहार. याच अनुदानाविरुद्ध ब्राझीलने रीतसर दावा लावला आणि तो जिंकला. त्यानंतर जे घडले ते मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेने आपले अनुदान हटवण्याऐवजी 2010 पासून ब्राझीलच्याच कापूस उत्पादकांसाठी वर्षाला सुमारे 14.7 कोटी डॉलर देण्याचे कबूल केले आणि 2014 मध्ये आणखी 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. ब्राझीलपाशी अमेरिकी मालावर जबर शुल्क लावण्याचा परवाना आणि ताकद, दोन्ही होते. मालीपाशी ती ताकद नव्हती, म्हणून मालीच्या वाट्याला आश्वासने आली.

यात आपण केवळ प्रेक्षक नाही. आपल्या कापसाच्या हमीभावावर 2018 मध्ये अमेरिकेनेच याच संघटनेत आक्षेप नोंदवला. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, हे खरे, पण सवलतीच्या त्या काळातच विदर्भात वेचणी सुरू झाली. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला 8,110 रुपये होता. यवतमाळ-वर्ध्याच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, ढिगात हात घालतो, यंत्राने ओलावा मोजतो. तो आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत कपात, आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. ती गाडी मग खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावातच कापूस घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्याच्या, दारात जाते. गरिबीवरील जागतिक अहवालांत हे यंत्र आणि हे आकडे कुठे दिसत नाहीत.

आता विषमतेकडे वळतो. जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा जून 2025 पासून दरडोई दररोज तीन डॉलर आहे. रेषेखाली किती लोक, हे ती सांगते. रेषेवरच्यांत किती अंतर पडले, हे सांगत नाही. सरासरीने काय झाकले जाते, ते विदर्भाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. राज्यातील प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या 1984 च्या दांडेकर समितीने मोजलेला अनुशेष आपल्या राजकारणात अजून शिळा झालेला नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत जगाला दाखवण्याजोगे एक काम केले आहे. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेला लाल मिलो (एक प्रकारची ज्वारी) लोकांनी नाक मुरडत खाल्ला आणि खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना कामावर सुकडी मिळाली. ती मदत आली आणि संपली. मागे उरली ती रोजगार हमी: विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी धरून ठेवलेली कल्पना, 1977 चा कायदा, आणि त्यासाठी पैसा उभा करणारा 1975 चा व्यवसाय कर. या सभागृहातील अनेक पगारदारांच्या पगारपत्रकात आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपयांची ती कपात असते. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुराला मजुरी देण्याची ही सोय होती, आणि मजुराने ती मागायची होती ती हक्क म्हणून. पुढे 2005 मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता. अंमलबजावणीत मस्टरची, म्हणजे हजेरीपटाची, बनवाबनवी झाली, मजुरी महिनोन्महिने थकली, हे सर्व मान्य. पण मजुरी थकली असे म्हणता येते, कारण ती देणे लागते.

राष्ट्राराष्ट्रांत असे देणे अद्याप नाही. मोठ्या कंपन्या नफा एका देशात कमावतात आणि कर जवळजवळ नसलेल्या दुसऱ्या देशात तो दाखवतात. गरीब देशांचे महसूल खाते त्यामुळे रिकामे राहते आणि मग त्याच देशांना कर्ज काढावे लागते. कराचे नियम सर्व देशांनी मिळून ठरवावेत, यासाठी संयुक्त राष्ट्रांत एका कराराच्या वाटाघाटी चालू आहेत आणि त्या 2027 पर्यंत संपवायच्या आहेत. अमेरिका फेब्रुवारी 2025 मध्येच त्यातून उठून गेली. उरलेल्या देशांनी तिच्यावाचून करार पुरा करावा, असे माझे मत आहे. भारताने त्यात आफ्रिकी देशांच्या शेजारी बसावे आणि कापसाच्या अनुदानाचा प्रश्नही व्यापार संघटनेत त्यांच्याच सोबतीने पुन्हा उघडावा.