साधं की पॉवर? सीमाभागातल्या पंपावरचा ऑक्टेनचा हिशेब

(दृश्य: राष्ट्रीय महामार्ग ४८. निपाणीच्या दिशेनं जाणारी वाहनं, दोन्ही बाजूंना ऊस.)

कागल मागं पडलं, दूधगंगा ओलांडली की कर्नाटक लागतं. पुढं कोगनोळीचा टोलनाका, आणि तिथून निपाणीपर्यंत एकामागोमाग एक पेट्रोल पंप. कित्येक वर्षं इथलं इंधन महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळायचं, म्हणून कोल्हापूरकडच्या गाड्या टाकी फुल्ल करायला इथवर यायच्या. बेळगावकर गोव्याला गेला की परतताना तिकडून टाकी भरून घेतो, कारण गोव्यात आणखी स्वस्त. इंधनाच्या बाबतीत रुपया-रुपया जपणारी ही माणसं. पण पंपावरचा मुलगा नोझल हातात घेऊन विचारतो, "साधं घालू की पॉवर?" पॉवर म्हणजे जास्त ऑक्टेनचं, महाग प्रीमियम पेट्रोल. आणि तिथं हा सगळा हिशेब सुटतो. नवी गाडी आहे, जीव आहे तिच्यावर, मग "पॉवरच घाल."

जीव आहे म्हणूनच हे नीट समजून घ्यायला हवं.

(दृश्य: पंपावरचे आकडे जवळून. ९१, ९५, ९९, १००.)

नोझलवर किंवा मशीनवर दिसणारा हा आकडा म्हणजे ऑक्टेन. पेट्रोलमध्ये ताकद किती, हे तो सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडेपर्यंत पेट्रोल किती दम धरतं, एवढंच तो सांगतो. मोजायची पट्टी १९२० च्या दशकात ठरली. आयसो-ऑक्टेन नावाचं द्रव्य दाबाखाली सहजासहजी स्वतःहून पेटत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागणारं पेट्रोल. अमेरिकेतल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून गोंधळू नका. तिथं मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यांचं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१ ते ९२.

(दृश्य: चोर्ला घाट. दोघं बसलेली मोटरसायकल, मागं बॅगा.)

हा दम कुठं लागतो ते बघायला चोर्ला घाटासारखी जागा नाही. गोव्याकडून येताना साखळी, केरी ही गावं सोडली की चढ सुरू. गाडीवर दोघं, मागं सामान, उन्हाळ्याची दुपार, आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये तीसच्या वेगानं रेटत आणलेली. इंजिनातून बारीक टकटक ऐकू येते. गॅरेजमध्ये गेल्यावर गाडीवाला म्हणतो, "चढाला आवाज करूलालीय बघा."

आत काय होतं? प्लगची ठिणगी पडते, ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पसरत जाते. ती पोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि दम सुटला की एकदम स्वतःहून पेटतं. त्या धक्क्याच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. तोच हा आवाज, यालाच नॉकिंग म्हणतात. क्वचित कधीतरी झालं तर इंजिन सोसतं. रोज होत राहिलं तर पिस्टनचा माथा कडेनं खडबडीत होतो, रिंगांच्या खाचांच्या कडा तुटतात.

(दृश्य: गॅरेज. काढलेला स्पार्क प्लग कॅमेऱ्याजवळ.)

हा प्लग बघा. मधल्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके आहेत, आणि त्यांतले एक-दोन चकाकतात. चकाकणारे कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे. म्हणजे पिस्टन झिजून त्याचा अंश इथवर आला. असा प्लग हातात आला की मेकॅनिकनं पेट्रोल, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आणि आतला कार्बन या तिन्हींची चौकशी करायला हवी. नवा प्लग लावून गाडी परत दिली तर दुखणं तसंच राहतं.

आता गाडीला कुठलं पेट्रोल लागतं ते पाहू. मुख्य गोष्ट कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण कितीपट दाबतो. जुन्या आरएक्स १०० चा रेशो ६.७. स्प्लेंडरसारख्या रोजच्या गाडीचा १० च्या आसपास. केटीएम ३९० चा १२.५ च्या वर. दाब जितका जास्त तितकं दम धरणारं पेट्रोल हवं. टर्बो असलेल्या कारमध्ये हवा आधीच दाबून आत येते, म्हणून तिथंही ऑक्टेनकडं लक्ष द्यावं लागतं. पण हे गणित तुम्ही करायची गरज नाही, कंपनीनं ते करून ठेवलंय. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत इंधनाचं पान उघडा, कारमध्ये पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाहा. तिथं 'किमान ९१' लिहिलं असेल तर साधं पेट्रोल पुरे. '९५ वापरावं' असं लिहिलं असेल तर ९५ घाला. तिथं पैसे वाचवू नका, इंजिन महाग आहे.

९१ वर चालणाऱ्या कम्युटर गाडीत १०० घातलं तर काय होईल? पिकअप वाढणार नाही, अॅव्हरेजही वाढणार नाही. मुळात नॉकिंग नव्हतंच, मग ते थांबवणार काय? ज्या इंजिनात नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर आहे, ते चांगल्या पेट्रोलवर ठिणगी थोडी आधी टाकून जास्त काम करून घेऊ शकतं. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत बहुतेक हा सेन्सर नसतोच. १०० ऑक्टेनचं पेट्रोल साध्याच्या दीडपटीच्या घरात जातं. ते पैसे चेन-स्प्रॉकेट, एअर फिल्टर आणि टायरमधली हवा यांवर घातले तर गाडीला खरंच बरं वाटेल, असं मला मनापासून वाटतं. प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारी द्रव्यं असतात, हे खरं. तो फायदा ऑक्टेनचा नव्हे, त्या द्रव्यांचा.

(दृश्य: घटप्रभेच्या काठचा ऊस, बैलगाड्या, साखर कारखान्याची चिमणी.)

आता आपल्या बेळगाव जिल्ह्याची गोष्ट. कृष्णा, घटप्रभा, हिरण्यकेशी, या नद्यांच्या काठचा ऊस. साखरेचं शास्त्र शिकवणारी निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावातच आहे. उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल होतं, आणि इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या घरात. ते पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा दम वाढतो. भारत स्टेज-६ या प्रदूषणाच्या नियमात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ९५ पर्यंत जातो, असं केंद्र सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे निपाणीच्या पंपावर साधं म्हणून घातलेल्या पेट्रोलात ऊसकऱ्याच्या कष्टाचा वाटा आहे, आणि ऑक्टेन वाढवण्यातही तो आहे.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळं अॅव्हरेज थोडं उतरतं. पॉवर पेट्रोल घालून ते भरून निघत नाही. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप आणि सील इथेनॉलला तयार नसतात. अशा गाडीचा प्रश्न ऑक्टेनचा नाही. आरएक्स १०० किंवा येझदी जपून ठेवली असेल तर पाइप आणि कार्बोरेटरची रबरं बदलून घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

डिझेलच्या जीपला आणि ट्रॅक्टरला हा हिशेब लागू नाही. तिथं सीटेन नावाचा वेगळाच आकडा असतो.

पुस्तिकेप्रमाणे पेट्रोल घालूनही टकटक ऐकू आली तर आधी गिअर उतरवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथं हवा जराशी विरळ, त्यामुळं इंजिनावरचा ताण किनाऱ्यापेक्षा थोडा कमीच. तरीही सपाटीवर हलक्या हातानं चालवताना आवाज येत असेल तर पेट्रोलवर शंका घ्या. रॉकेलची भेसळ झाली की ऑक्टेन धाडकन खाली येतो. पंपावर फिल्टर पेपर मागा. नोझलमधला एक थेंब कागदावर सोडला की शुद्ध पेट्रोल उडून जातं, भेसळ असेल तर डाग राहतो. हा कागद मागायचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे, मागताना संकोच नको.

(दृश्य: कणकुंबी, जांबोटी. कोसळता पाऊस, घराबाहेर उभ्या गाड्या.)

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट जास्तीची. या पावसात टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल ते ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. वर राहिलेल्या पेट्रोलातलं इथेनॉल गेलं, म्हणजे त्याचा ऑक्टेनही गेला. तळातलं पाणी इंजिनात गेलं तर गाडी बंद पडते ती वेगळीच. अशा टाकीत वरून १०० ऑक्टेनचं पेट्रोल ओतून काही सुधारत नाही, टाकी पूर्ण काढून धुवावी लागते. म्हणून मिरगाच्या आधी टाकीच्या झाकणाचं रबर बोटानं दाबून बघा. कडक झालं असेल, चिरा पडल्या असतील तर बदला.