नेता, जमाव आणि जबाबदारी : मुंबई १९२१, चौरीचौरा १९२२

मित्रहो,

एखाद्या आंदोलनाला हिंसक वळण लागले की दुसऱ्या दिवशी जो वाद पेटतो, त्यातली वाक्ये आपल्याला तोंडपाठ असतात. विरोधक म्हणतात की नेत्याने चिथावणी दिली. समर्थक म्हणतात की नेता शांततेचेच आवाहन करत होता, गडबड केली ती बाहेरून घुसलेल्या समाजकंटकांनी. पुढच्या वेळी आंदोलन दुसऱ्या पक्षाचे असले की हीच वाक्ये बाजू बदलून उच्चारली जातात, आणि ती उच्चारणाऱ्यांना आपण काल काय म्हणत होतो याची आठवणही नसते. आज मी असे एक प्रकरण निवडले आहे की ज्यात समर्थकांनी देऊ केलेला हा बचाव खुद्द नेत्यानेच नाकारला. तो नेता म्हणजे गांधीजी. त्यांना निर्दोष ठरवण्यासाठी मी हे प्रकरण घेतलेले नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. त्यांच्या बाबतीत हा वाद नेहमीच्या चाकोरीतून गेला नाही, म्हणून त्या चाकोरीतल्या लबाड्या तेथे अधिक उघड्या पडतात.

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज एडवर्ड मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. असहकाराची चळवळ तेव्हा भरात होती आणि काँग्रेसने युवराजांच्या स्वागतावर बहिष्कार घालून हरताळाची हाक दिली होती. त्याच दिवशी गिरणगावात, उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात, गांधीजींची प्रचंड सभा झाली आणि परदेशी कापडाची होळी पेटवण्यात आली. सभा शांततेत पार पडली. शहरात मात्र तोवर दंगल सुरू झाली होती. युवराजांच्या स्वागताहून परतणाऱ्या पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि यहुदी नागरिकांना जमावाने गाठले, त्यांच्या डोक्यावरच्या परदेशी टोप्या हिसकावल्या, ट्राम अडवल्या, दारूची दुकाने फोडली, पोलिसांवर हल्ले केले. हल्लेखोरांत हिंदू आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून होते. ज्या ऐक्याचा चळवळीला अभिमान होता, त्याचे हे दर्शन होते. नंतरच्या दोन दिवसांत उलट मारा झाला आणि खादीची टोपी दिसली की तिच्या धन्याला बदडले जाऊ लागले. एकूण पन्नासहून अधिक माणसे मेली.

बातमी कळताच गांधीजी गाडीतून दंगलीच्या भागात गेले. दोन टाकी या वस्तीजवळ त्यांना एक फोडलेले दारूचे दुकान दिसले आणि दोन पोलीस शिपाई दिसले : जबर जखमी, बेशुद्ध, खाटांवर टाकलेले, आणि त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नाही. गांधीजी गाडीतून उतरताच जमावाने त्यांना घेरले आणि ‘महात्मा गांधी की जय’ अशा आरोळ्या ठोकल्या. तो जयघोष आपल्या कानांना इतका कर्कश कधीच लागला नव्हता, असे त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिले. त्यांनी जमावाला झापले, पाणी मागवले आणि त्या दोघांना रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्था केली. नेता आणि जमाव यांचे नाते काय असते, हे समजून घ्यायला मला हा प्रसंग दहा ग्रंथांपेक्षा अधिक उपयोगी वाटतो. त्या जमावाला आपण गांधीजींच्या विरुद्ध काही केले आहे असे वाटतच नव्हते. पोलिसांना लोळवणे आणि गांधीजींचा जयजयकार करणे ही त्याच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती.

आता दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पाहू. सरकारचे आणि नेमस्तांचे म्हणणे असे की सरकारला सैतानी म्हणायचे, कायदा मोडण्याची भाषा करायची, लाखोंच्या सभांत कापडाच्या होळ्या पेटवायच्या आणि मग ठिणगी उडाली की हात झटकायचे, हे चालणार नाही. काँग्रेसच्या बाजूने तयार असलेले उत्तर असे की हे गुंडांचे काम आहे, खऱ्या असहकारवाद्यांचा त्याच्याशी संबंध नाही. या उत्तरात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. मुंबईत हुल्लडबाजांची वाण कधीच नव्हती. पण गांधीजींनी हे उत्तर आपले मानले नाही. बंडाची ही वृत्ती जागी करण्यात माझा वाटा इतर कोणाहूनही अधिक आहे, तिला आवर घालण्याची पुरेशी शक्ती माझ्यात नाही आणि म्हणून प्रायश्चित्त मला घेतले पाहिजे, असे त्यांनी मुंबईच्या नागरिकांना उद्देशून जाहीरपणे लिहिले. दोन दिवसांत आपल्याला दिसलेल्या स्वराज्याची आपल्याला दुर्गंधी आली, असेही त्यांनी लिहिले. १९ नोव्हेंबरला त्यांनी उपोषण सुरू केले आणि शहर शांत झाल्यावर, २२ तारखेला, सर्व समाजांच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत ते सोडले. बारडोलीत सुरू व्हायची होती ती सामुदायिक कायदेभंगाची मोहीम लांबणीवर टाकली.

येथे थांबून टाळ्या वाजवण्याचा मोह होतो. पण एका प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे : असे काही घडेल याची त्यांना आधी कल्पना होती की नव्हती? १९१९ च्या एप्रिलमध्ये अहमदाबाद आणि वीरमगाम येथे दंगली झाल्या होत्या, आणि लोकांची तयारी न जोखता सत्याग्रह पुकारणे ही आपली हिमालयाएवढी चूक होती, अशी कबुली त्यांनी तेव्हाच दिली होती. १९२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यात मालेगावला खिलाफत चळवळीच्या जमावाने पोलीस फौजदाराचा बळी घेतला होता आणि गांधीजींनी त्याचा निषेध केला होता. मुंबईतल्या दंगलीच्या अडीच महिने आधी गांधीजींचे इंग्रज मित्र दीनबंधू अँड्र्यूज यांनी कापडाच्या होळीबद्दल आपली अस्वस्थता त्यांना कळवली होती. त्यावर गांधीजींचे उत्तर होते की मी लोकांच्या मनातला राग माणसांवरून काढून वस्तूंवर नेतो आहे. उत्तर हुशारीचे आहे. पण १७ नोव्हेंबरला, ज्या परदेशी टोपीवर हा राग न्यायचा होता ती कोणाच्या तरी डोक्यावर होती, आणि जमावाने टोपी आणि डोके यांत भेद केला नाही. इशारे मिळाले होते, ते समजलेही होते, आणि तरी जोखीम पत्करली गेली होती. माझ्या मते गांधीजींच्या विरुद्ध केला जाऊ शकणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. गंमत अशी की त्यांच्या बहुतेक विरोधकांना तो सुचला नाही, कारण ते चिथावणीचे एखादे वाक्य शोधण्यात गुंतले होते. असे वाक्य सापडणार नव्हते.

पुढे ४ फेब्रुवारी १९२२ रोजी गोरखपूर जिल्ह्यात चौरीचौरा येथे पोलिसांच्या गोळीबारानंतर संतापलेल्या जमावाने ठाण्याला आग लावली आणि वीसहून अधिक पोलीस मारले गेले. आठवड्याभरात बारडोलीला काँग्रेस कार्यकारिणीने सामुदायिक कायदेभंग स्थगित केला. आता वादाच्या बाजू उलटल्या. जबाबदारी घेतली म्हणून शिव्या पडल्या त्या स्वपक्षाकडून. तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू आणि लाला लजपतराय चिडले. एका खेड्यातल्या गुन्ह्यापायी अख्ख्या देशाची चळवळ का थांबवायची, हा त्यांचा सवाल होता. त्याच महिन्यात दिल्लीला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी गांधीजींच्या निषेधाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण मांडला गेला हे महत्त्वाचे. जबाबदारी घेण्याची किंमत नेत्याला आपल्या माणसांत मोजावी लागते. विरोधकांपुढे खेद व्यक्त करायला फारशी किंमत पडत नाही.

मार्च १९२२ मध्ये अहमदाबादला खटला उभा राहिला. येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. आरोप दंगलीचा नव्हताच; ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांबद्दल राजद्रोहाचा होता. राजद्रोहाच्या कलमाखाली लेखामुळे कोणी दगड उचलला हे सिद्ध करावे लागत नसे, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करण्याचा प्रयत्न पुरेसा होता. महाराष्ट्राने हे १८९७ मध्ये अनुभवले होते. १५ जूनच्या ‘केसरी’तल्या मजकुरानंतर आठवड्याभरात पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, टिळकांवरचा खटला राजद्रोहाचा, खुनाशी त्यांचा संबंध जोडणारा आरोप नाही, पण रँडचा खून त्या न्यायालयातून शेवटपर्यंत हलला नाही. टिळकांनी आरोप नाकारून खटला लढवला, आणि कायद्याच्या दृष्टीने तेच रास्त होते. गांधीजींनी उलटे केले. अ‍ॅडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांनी शिक्षा कडक व्हावी म्हणून मुंबई, मद्रास आणि चौरीचौरा येथील घटनांचा उल्लेख करून म्हटले की अहिंसेचा उपदेश करायचा आणि त्याच वेळी सरकारविरुद्ध अप्रीती पसरवायची, याला काय अर्थ आहे? गांधीजींनी हे दूषण शिरावर घेतले : चौरीचौऱ्याची अमानुष कृत्ये आणि मुंबईचे अत्याचार यांपासून मी स्वतःला वेगळे काढू शकत नाही. जबाबदार आणि शिकलेला माणूस म्हणून माझ्या कृतींचे परिणाम मला कळायला हवे होते. मी आगीशी खेळतो आहे हे मला ठाऊक होते आणि मला सोडले तर मी पुन्हा तेच करीन, असे ते म्हणाले. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. टिळकांच्या पंक्तीला बसवले याचा गांधीजींना अभिमानच वाटला.

या निवेदनाचे गोडवे गाणारे त्यातले एक वाक्य बहुधा गाळतात. ‘पुन्हा तेच करीन’ हे वाक्य ऐकून दोन टाकीच्या खाटेवरच्या शिपायाच्या घरच्यांना काय वाटावे? जबाबदारी मान्य करणे आणि नुकसान भरून निघणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय शिक्षेचा हिशेबही पाहा. चौरीचौऱ्याच्या खटल्यात सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयात मदनमोहन मालवीय यांनी बाजू लढवल्यावर १९ जणांची फाशी कायम राहिली आणि १९२३ मध्ये ती अमलात आली. ज्यांच्या नावाने ते शेतकरी स्वयंसेवक झाले होते, ते गांधीजी येरवड्यात होते, जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीला त्यांची मुदतीआधीच सुटका झाली. हे त्यांनी मागून घेतले नव्हते. तरीही नेत्याची नैतिक जबाबदारी आणि अनुयायाचा फास यांतले अंतर मोठे आहे, आणि आजही एखाद्या बंदनंतर ज्या पोरांवर गुन्हे दाखल होतात त्यांच्या घरच्यांना ते अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

या सगळ्यातून माझ्यापुरता मी एक निकष काढला आहे. नेत्याच्या भाषणातले वाक्य शोधत बसू नये, कारण दोन्ही बाजूंना हवे ते वाक्य सापडतेच. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदभवनावर हल्ला झाला, त्याआधीच्या ट्रम्प यांच्या भाषणात शांततेने आवाज उठवा असेही होते आणि जीव तोडून लढा असेही होते. सिनेटमधल्या महाभियोगात त्यांना दोषी ठरवण्याच्या बाजूने ५७ विरुद्ध ४३ मते पडली, पण दोन तृतीयांशाअभावी ते सुटले, आणि सुटकेच्या बाजूने मत देणारे त्यांच्याच पक्षाचे मॅकॉनल त्याच दिवशी म्हणाले की नैतिकदृष्ट्या जबाबदार तेच आहेत. वाक्यांचा कीस पाडण्यापेक्षा घड्याळ पाहावे. जमाव दुपारी दोनच्या सुमारास आत घुसला. मधल्या वेळात शांत राहा असे संदेश ट्रम्प यांनी पाठवले, पण घरी जा असे सांगणारी त्यांची चित्रफीत सव्वाचारनंतर आली. हिंसा कळल्यापासून ती थांबवण्यासाठी आपले वजन खर्च करेपर्यंत नेत्याने किती वेळ घेतला, आणि त्यापायी स्वपक्षाचा रोष पत्करला की नाही, एवढे विचारले तरी बराच धुरळा बसतो. गुन्हा सिद्ध व्हायला मात्र हे पुरेसे नाही, आणि नसावेच. नाहीतर प्रत्येक मोर्चाचा नेता गजाआड जाईल. दिवाणी भरपाईचा मार्ग निराळा आहे. घाटकोपरच्या स्फोटानंतर ३० जुलै २००३ रोजी पुकारलेल्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. तेथे दगड कोणी मारला हा प्रश्नच नव्हता. हाक कोणी दिली, एवढेच पाहिले गेले.

पक्षपाताशिवाय हा निकष लावणारा माणूस विरळा. असा एक माणूस सांगून थांबतो. सर शंकरन नायर हे १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष. पंजाबातल्या लष्करी कायद्याच्या निषेधार्थ १९१९ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला होता. १९२२ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून गांधीजींच्या चळवळीला हिंसाचाराबद्दल दोषी धरले, आणि त्याच पुस्तकात पंजाबातल्या अत्याचारांबद्दल तेथील लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायर यांनाही दोषी धरले. काँग्रेसवाले पहिल्या आरोपाने दुखावले, साहेब लोक दुसऱ्या आरोपाने. ओडवायर यांनी लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९२४ मध्ये बारांपैकी अकरा ज्युरींनी त्यांच्या बाजूने कौल दिल्यावर नायर यांना ५०० पौंडांची भरपाई द्यावी लागली. गांधीजींवरच्या आरोपाबद्दल नायर यांना कोणीही न्यायालयात खेचले नाही.