रंग नंतर, ओल आधी: जुना फ्लॅट दाखवायला काढताना

मंडळी, फ्लॅट विकायचा ठरला की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो सगळ्यात शेवटी जायला हवा. आजचं बोलणं मी पुण्यातल्या नेहमीच्या घराभोवती ठेवतो: १५-२० वर्षांची सोसायटी, मधल्या मजल्यावरचा टू बीएचके, रीसेल. अशा घरात येणारं गिऱ्हाईक सजावट बघायला येत नाही. पाणी कुठून झिरपतंय आणि कागदात काय लपलंय, हे दोन प्रश्न डोक्यात घेऊन ते दार ओलांडतं. ताज्या रंगाचा वास आला की जाणकार माणूस आधी बाथरूमच्या पाठीमागची भिंत हाताने चाचपतो.

तेव्हा ओलीपासून सुरुवात. भिंतीवर फुगे आलेत, खाली पांढरी पूड पडतेय, म्हणजे लोणा लागलाय. तो खरवडून वर पुट्टी मारणं हे पैसे वाया घालवणं आहे. पाणी भिंतीतले क्षार घेऊन पृष्ठभागाशी येतं, पाणी उडून जातं, क्षार रंगाखाली साठतात आणि रंगाचा पापुद्रा ढकलून सोडवतात. पाण्याची वाट बंद झाली नाही तर नवा रंगही तसाच सुटणार, आणि तोही नेमका व्यवहाराच्या मधल्या काळात.

ओल भिंतीतली की हवेतली, हे आधी ठरवा. फूटभर लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी टेप लावून भिंतीवर हवाबंद चिकटवा आणि २४ ते ४८ तास तशीच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर तो खोलीतला दमटपणा. खिडकी उघडी ठेवा, कपडे आत वाळत घालू नका, प्लंबरला तिथे काही काम नाही.

भिंतीतून येत असेल तर बाथरूम तपासा. नहाणीचं, म्हणजे फरशीतून पाणी जायच्या जाळीचं, तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, उंबऱ्याच्या आत राहील असं दीड-दोन इंच पाणी साठवा, टाइलवर पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि २४ तास बाथरूम वापरू नका. खालच्या घरी आधी सांगून ठेवा, त्यांचं छत त्यांनाच बघायचंय. पातळी ठळकपणे उतरली किंवा खालच्या छताला ओल आली तर वाट फरशीतून किंवा नहाणीच्या कडेने आहे. पातळी जागच्या जागी असेल तर संशय भिंतीतल्या लाइनवर. प्लंबर हातपंपाने लाइनला प्रेशर देतो. गेजचा काटा खाली आला की गळती नक्की. टाइलचे सांधे गेले असतील तर ते खोल खरवडून इपॉक्सी ग्राउट भरता येतं. नहाणीच्या ट्रॅपभोवती (जाळीखालचा, पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग) गळत असेल तर मात्र फरशी फोडल्याशिवाय सुटका नाही, आणि वरून केमिकल ओतून भागवतो म्हणणाऱ्याला घरी पाठवा.

गळती वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची असेल तर सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांची नमुना नियमावली) ती दुरुस्ती वरच्या सभासदाच्या खर्चाने होते. गच्चीची गळती सोसायटीकडे. दोन्हीसाठी सोसायटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. काम राहिलं असेल तर तीच पोच गिऱ्हाइकाला दाखवता येते.

दुरुस्तीनंतर भिंत वाळायला काही आठवडे जातात. फॉइल पुन्हा लावून कोरडी निघाली की मग प्रायमर आणि रंगाचे दोन हात. फिकट रंग, सगळ्या घरात एकच. रंगाबद्दल एवढंच बोलणं पुरे.

स्लायडिंग खिडक्यांकडे कुणी बघत नाही. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी निघायला छोट्या खाचा असतात. त्या धुळीने बुजल्या की पावसाचं पाणी पट्टीत साठतं, आत ओघळतं आणि खिडकीखाली तपकिरी डाग पडतो. गिऱ्हाईक त्याला भिंतीची गळती समजतं. जुना टूथब्रश आणि बारीक तार, दहा मिनिटांचं काम.

घर बंद राहिलेलं असेल तर नहाणीतून गटाराचा वास येतो, कारण ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. आदल्या दिवशी प्रत्येक नहाणीत आणि सिंकमध्ये मगभर पाणी ओता. उदबत्तीने तो वास झाकला जात नाही, उलट शंका वाढते. नळांच्या तोंडची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. बोअरच्या क्षारांनी ती भरली की धार बारीक पडते आणि इमारतीला पाणी कमी आहे असा समज होतो. मात्र व्हिनेगर असो की ॲसिड, संगमरवरावर पडू देऊ नका, चट्टे कायमचे राहतात.

आता क्षेत्रफळ. सर्वाधिक वाद इथे होतात. जुन्या करारात बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं, बोलताना सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून) सांगितलं जातं आणि गिऱ्हाईक कार्पेटचा, म्हणजे घरात वापरता येणाऱ्या जागेचा, भाव मनात धरून आलेलं असतं. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि स्वतंत्र टेरेस धरत नाहीत. प्रत्येक खोली टेपने मोजा, नकाशा काढा, बाल्कनी वेगळी लिहा. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. हा कागद हातात दिला की दर चौरस फुटाची घासाघीस निदान खऱ्या आकड्यावर होते.

बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल तर ते लपत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत काढणारा माणूस, मंजूर नकाशा घेऊन येतो. वाढवलेली जागा तो मोजणीत धरत नाही, कधी कर्जच अडतं. पहिल्या भेटीतच सांगा. पार्किंगचंही तसंच: स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघडी जागा फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. सोसायटीने वाटप केलं असेल तर त्याचं पत्र दाखवा.

एक फाइल टेबलावर तयार असू द्या: करारांची पूर्ण साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा कराराचा गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची शेवटची पावती, वीजबिल, सोसायटीचा येणेबाकी नसल्याचा दाखला. दाखवायच्या त्या झेरॉक्स. मूळ कागद हातातून सोडू नका. कर्ज चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी घ्या. वडील गेले, नॉमिनी आई, म्हणून एकट्या आईच्या सहीने विक्री होईल असं समजू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, इतर वारसांचं हक्कसोडपत्र लागतं. मुलगा अमेरिकेत आणि फ्लॅटवर त्याचं नाव असेल तर कुलमुखत्यारपत्राची तजवीज घर दाखवायच्या आधी करा. शिवाय ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात कापला जाणारा १ टक्का टीडीएस (गिऱ्हाइकाने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) निवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी विक्रेत्याला वेगळा, बराच जास्त दर लागतो, तो सीएकडून आधी काढून घ्या.

प्रत्यक्ष दाखवायची वेळ उजेडावरून ठरवा. पूर्वेची बाल्कनी असेल तर सकाळी ९ ते ११. पश्चिमेचा हॉल मे महिन्यात दुपारी ४ ला दाखवणं म्हणजे पायावर धोंडा. सोसायटीला पाणी ठरावीक वेळी येत असेल तर तेही सांगा, नळ ते उघडतातच. वॉचमनला नाव देऊन ठेवा, गेटवर पाच मिनिटं अडलेलं कुटुंब वैतागूनच वर येतं. चपलांना जागा, सोबतच्या वयस्कांना खुर्ची. दागिने, चेकबुक, औषधं कुलपात. एका कुटुंबाला अर्धा तास, आणि घरातल्या एकाच माणसाने बोलायचं. दोघं बोलले की किमतीचे दोन आकडे बाहेर येतात.

खोल्यांतून त्यांना पुढे जाऊ द्या, आपण मागे राहा. सिंकखालचं कपाट, मीटरचा बोर्ड, माळा, जे उघडायला मागतील ते उघडा. कंपास काढला तर दिशा बघू द्या, वास्तूवर वाद नको. दुसऱ्या खेपेला ते इंजिनिअर किंवा गावाकडचे काका घेऊन येतील. तेव्हा दुरुस्तीची बिलं आणि काम चालू असतानाचे फोटो पुढे ठेवा. टोकन घेतलंत तर रक्कम, ठरलेली किंमत, करार नोंदवायची मुदत आणि बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन परत करायचं की नाही, हे चारही मुद्दे पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि रोख नको, खात्यावर घ्या.