गॅग मांगाचा राजा

नमस्कार मंडळी. घरात पोरं असतील तर डोरेमॉन आणि निंजा हातोरी माहीत असणारच, तर या दोघांचे जनक टोकियोत ज्या जुन्या लाकडी बिल्डिंगमध्ये राहायचे ना, तोकिवासो, तिथेच फुजिओ अकात्सुका हे विनोदी (गॅग) मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स काढणारे चित्रकार पण राहायचे आणि आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

जन्म 1935 चा, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या चीनमधल्या मांचुरियातला. दुसरं महायुद्ध संपलं, वडिलांना सोव्हिएत सैन्याने कैदी म्हणून सैबेरियात नेलं, आई पोरांना घेऊन 1946 ला जपानला परतली आणि पोचल्यावर थोड्याच दिवसांत तान्ही बहीण गेली. पुढे केमिकल फॅक्टरीत नोकरी, रात्री चित्रं. 1956 ला पहिलं पुस्तक आलं ते चक्क मुलींसाठीचं रडकं! मग 1958 ला एका मासिकाची पानं ऐनवेळी भरायची होती म्हणून विनोदी काढलं आणि गाडी सुटली ती सुटलीच.

1962 चं ओसोमात्सु-कुन, म्हणजे एकसारखे दिसणारे सहा भाऊ. त्याच कॉमिकमधलं दुसरं एक पात्र, पुढे आलेल्या दातांचा इयामी, दचकला की एक हात वर, एक पाय दुमडून "शेऽऽ!" ओरडतो, ती पोज जपानची सगळी पोरं करायची, 1965 च्या सिनेमात तर गॉडझिलाने पण केली!

पण मला विचाराल तर खरा कळस त्यांचं तेन्साई बाकाबोन हे कॉमिक, 1967 पासूनचं. एकदा उजव्या हाताला लागलंय सांगून अख्खा भाग डाव्या हाताने काढला, एकदा पात्रं खऱ्या माणसाएवढी काढली, मग पानात मावणार किती, नुसतं तोंडच. संपादकांनी हे छापलं याचं मला आजही कौतुक वाटतं. 1974 ला तर चांगलं चाललेलं नाव टाकून काही महिने यामादा इचिरो या अगदी साध्या नावाने लिहिलं. एवढं नाव कमावल्यावर कोण करतं हो असं?

माणूसही तसाच दिलदार. तामोरी हा नवखा कॉमेडियन बारमध्ये बघितला, आवडला, तर त्याला स्वतःचा फ्लॅट दिला आणि आपण ऑफिसात झोपले. 2008 च्या ऑगस्टमध्ये अकात्सुका गेले तेव्हा तोच तामोरी, आता केवढा मोठा स्टार, हातात कोरा दिसणारा कागद धरून बोलला आणि शेवटी म्हणाला, मी पण तुमचीच एक कलाकृती आहे.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर 2015 ची ओसोमात्सु-सान ही कार्टून सिरीज बघा, तेच सहा भाऊ आता मोठे झालेत, बेकार आहेत, घरीच लोळतात, आणि जपानमधल्या तरुण पोरी त्यांच्यावर फिदा झाल्या होत्या.