पांबन: हातानं उघडणारा पूल

मंडपम स्टेशन सुटलं की रामेश्वरची गाडी समुद्रावर यायची आणि वेग ताशी १० किलोमीटरवर उतरायचा. खिडकीतून खाली पाहिलं तर कठडा नाही. थेट पाणी.

रामेश्वर बेटाला तमिळनाडूच्या मुख्य भूमीशी जोडणारा, २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झालेला हा जुना पांबन रेल्वेपूल दोन किलोमीटरांहून थोडा लांब. त्यातला एकच गाळा (दोन खांबांमधला भाग) जहाजांसाठी उघडायचा, ६१ मीटरचा. हा गाळा म्हणजे शिकागोचे अभियंते विल्यम शेर्झर यांच्या पद्धतीची दोन पाती, प्रत्येकी सुमारे ४१५ टनांची.

पात्याचं बूड नीट पाहा. डोलखुर्चीच्या पायासारखं वाकडं आहे. पातं बिजागरीवर फिरत नाही, ते या बुडावर मागे लोळतं. वर उचललं जातं तसंच मागेही सरकतं, म्हणून जहाजाची वाट लवकर मोकळी होते. पुढच्या टोकाला तोलून धरणारं वजन मागे बांधलेलं आहे. हा तोल आहे म्हणूनच माणसं लांब दांडे ढकलून, दातेरी चाकांच्या जोरावर, एवढं लोखंड हलवू शकत. पण पात्यावरचे रूळ, स्लीपर, अगदी रंगाचे थर वाढले, तरी हा तोल पुन्हा जुळवावा लागायचा.

१९६४ च्या डिसेंबरमधल्या चक्रीवादळानं १४५ पैकी १२६ गर्डर (खांबांवरच्या लोखंडी तुळया) पाडले. उघडणारा गाळा मात्र टिकला! ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल ४६ दिवसांत पुन्हा सुरू झाला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. नंतर इथे वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसलं: ताशी ५८ किलोमीटरच्या वर वारा गेला की सिग्नल लाल.

वादळापेक्षा चिवट शत्रू म्हणजे खारा वारा. उघड्या पत्र्यावरचा गंज निदान दिसतो, खरवडता येतो. दोन पत्रे रिव्हेटनं (ठोकून पक्क्या केलेल्या जाड खिळ्यांनी) जिथे एकमेकांवर बसवलेत, त्या फटीत खारं पाणी मुरतं. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते. तो फुगतो, पत्रे फाकवतो, रिव्हेटची डोकी उडवतो. तिथे ब्रश पोचत नाही. वरून कितीही रंग मारा, आत काम चालूच.

डिसेंबर २०२२ मध्ये उघडणाऱ्या गाळ्यावरच्या सेन्सरनी धोक्याचा इशारा दिला आणि गाड्या थांबल्या.

शेजारचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा मोटरवर सरळ १७ मीटर वर जातो. आणि यावेळी जोड रिव्हेटचे नाहीत, वेल्डिंगचे आहेत.