बाबागाडीतलं पाणी

बोस्नियातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्याची छायाचित्रं ओळीनं पाहत गेलात, तर एक वस्तू पुन्हा पुन्हा दिसते: बाबागाडी. आत मूल नसतं. पाण्याचे प्लास्टिकचे कॅन असतात, दोऱ्यानं बांधलेले.

बोस्नियन सर्ब फौजांनी घातलेला हा वेढा ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असा चालला. डोंगरांवर तोफा, उंच इमारतींतून नेमबाज, आणि नळ कोरडे. शहरातल्या बिअरच्या कारखान्याला स्वतःचे झरे होते, म्हणून माणसं तिथे रांगा लावत. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. वीज नाही म्हणजे लिफ्टही नाही. ज्याचं घर सातव्या मजल्यावर, त्यानं ते जिन्यानं वर न्यायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा खाली उतरायचं.

१८५५ साली ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटन क्रायमियाच्या युद्धावर गेला, तेव्हा काचेवरचं रसायन ओलं असेतोवरच छायाचित्र घेऊन ते धुवावं लागे. हलणारं काही टिपताच येत नसे. त्यामुळे त्याच्या छायाचित्रांत लढाई नाही. तोफगोळे विखुरलेला, निर्मनुष्य रस्ता आहे. पुढे हातात मावणारा कॅमेरा आला, स्फोटाचा क्षण सापडू लागला, आणि वर्तमानपत्रांना तोच हवासा झाला. २७ मे १९९२ रोजी सारायेव्होत पावाच्या रांगेवर तोफगोळे पडले, वीसहून अधिक माणसं गेली. ती दृश्यं जगभर पोचली. आदल्या दिवशीची रांग कुणी पहिल्या पानावर छापली असती का?

पण रोजच्या जगण्याचं छायाचित्रही भाबडेपणानं पाहू नये. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हाचं, ऑक्टोबर १९४० मधलं एक छायाचित्र गाजलेलं आहे: ढिगाऱ्यातून दुधाच्या बाटल्या घेऊन निघालेला दूधवाला. छायाचित्रकार फ्रेड मॉर्ली यानं आपल्या सहायकालाच दूधवाल्याचा कोट घालून चालायला लावलं, असं सांगतात. ढिगारा खरा होता, मागे पाणी मारणारे अग्निशमन दलाचे जवानही खरे होते. मात्र नुसत्या पडझडीची चित्रं सेन्सॉरच्या कात्रीत अडकायची. धीराचं चित्र सहज सुटायचं.

म्हणून 'युद्धातही जीवन थांबलं नाही' अशी फोटोओळ वाचली की मला संताप येतो. जीवन आपोआप चालू राहत नाही हो. कुणाच्या तरी खांद्यांवर ते चालू असतं, बहुतेकदा बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या. त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं की पाणी कुणी तोडलं, हा प्रश्न बाजूला पडतो. छायाचित्रकारानं फोटोओळीत तेवढं तरी लिहावं: पाणी कुठून आणलं, किती वेळ उभं राहावं लागलं, गोळीबार कुठल्या बाजूनं होत होता.

आणि जमलं तर बाबागाडीच्या मागोमाग घरात जावं. खिडक्यांना काचा नाहीत, निर्वासितांसाठीच्या मदतीतून आलेलं प्लास्टिक ताणून बसवलंय. वर चढवलेल्या पाण्यात आधी भांडी निघतात. तेच पाणी बादलीत राखून ठेवतात, संडासात ओतायला.